शांततेत आंदोलन करणाऱ्याची अटक बेकायदा कधी ठरते?

प्रश्न असा आहे. पंधरावीस माणसं जिल्हाधिकारी कार्यालयासमोर फलक घेऊन बसली होती. दगड नाही, लाठी नाही, कोणाला धक्कासुद्धा नाही. पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घालून ठाण्यात नेलं, रात्री उशिरा सोडलं आणि वर सांगितलं, ‘अटक कुठे केली? नुसतं ताब्यात घेतलं होतं.’ याला बेकायदा अटक म्हणता येईल का?

येईल, पण ‘आम्ही शांत होतो’ एवढ्या एका वाक्यावर नाही. राज्यघटनेचं कलम १९(१)(ख) शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देतं. त्याच हक्कावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालायची मुभा १९(३) देतं. त्यामुळे वैध जमावबंदी असताना ‘उठा’ सांगूनही न उठणाऱ्या अगदी शांत माणसाची अटक कायद्यात बसू शकते. उलट, खरोखर दगड मारणाऱ्याची अटकही पद्धत न पाळल्यामुळे बेकायदा ठरू शकते. न्यायालय बघतं ते असं: कोणत्या अधिकाराखाली उचललं, या माणसाला उचलण्याची गरज काय होती, आणि उचलल्यावर कायद्यानं सांगितलेल्या गोष्टी केल्या का. पण या तिन्हींच्या आधी एक गोष्ट पक्की करावी लागते, ती म्हणजे वेळ. आंदोलनाच्या प्रकरणांत बेकायदेशीरपणा बहुधा प्रत्यक्ष उचलणं आणि कागदावरची अटक यांच्यामधल्या तासांत लपलेला असतो.

‘ताब्यात’ म्हणजे काय?

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ४३ नुसार अटक होते ती अंगाला हात लावून, बंदिस्त करून, किंवा माणूस बोलण्यातून अथवा कृतीतून पोलिसांच्या स्वाधीन झाला की. फॉर्म भरणं ही नंतरची कारकुनी आहे. मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्ये अशक हुसेन प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं: माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकाऱ्यानं कागदावर वेळ लिहिली तेव्हा नाही. ते प्रकरण सीमाशुल्क अधिकाऱ्यांचं होतं, पण तत्त्व पोलिसांनाही तेच लागू होतं.

म्हणून कसोटी सोपी आहे. ‘मी जाऊ का?’ असं विचारल्यावर जाऊ दिलं असतं का? फोन काढून घेतला होता का? गेटवर शिपाई उभा होता का? लघवीला जातानाही बरोबर माणूस होता का? उत्तरं बंधनाकडे बोट दाखवत असतील तर ‘चौकशीसाठी बसवलं होतं’ हे नाव देऊन काही बदलत नाही. सकाळी अकराला गाडीत घातलेल्या माणसाची अटक रात्री आठला दाखवली, तर नऊ तास गायब होतात. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याची जी मुदत घटनेच्या कलम २२(२) मध्ये आणि संहितेच्या कलम ५८ मध्ये आहे, ती या नऊ तासांनी परस्पर वाढवली जाते. त्या मुदतीतून वगळला जातो तो फक्त प्रवासाचा वेळ. रविवार किंवा सुट्टी वगळली जात नाही.

थोडा वेळ अडवून ठेवण्याचे खरे अधिकार पोलिसांना आहेत, तेही सांगितलं पाहिजे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ६८ म्हणतं की पोलिसांच्या वाजवी निर्देशांचं पालन करा, आणि ६९ नुसार न करणाऱ्याला बाजूला करता येतं. किरकोळ प्रकरणात प्रसंग टळला की सोडायचं असतं. मोर्चे आणि रास्ता रोकोत हजारो माणसांना ‘ताब्यात घेऊन सोडलं’ अशी जी बातमी येते, ती बहुधा याच कलमांखालची. नागरिक सुरक्षा संहितेनं कलम १७२ मध्ये जवळपास असाच अधिकार देशभर दिला आहे. तिथे किरकोळ प्रकरणात शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत सोडायचं आहे. अनेक ठाण्यांत हे वाक्य ‘चोवीस तास ठेवायला परवानगी’ असं वाचलं जातं. ते चूक आहे. निर्देश मुळात कायदेशीर हवा, तो माणसापर्यंत पोहोचलेला हवा, तो त्यानं मोडलेला हवा, आणि प्रसंग संपल्यावर रोखून ठेवण्याला आधार उरत नाही. मंत्र्यांचा ताफा दुपारी दोनला निघून गेला आणि माणसं रात्री दहाला सुटली, तर मधल्या आठ तासांना कलम नाही. आंदोलकांना गाडीतून पन्नास-साठ किलोमीटर दूर नेऊन रस्त्यावर सोडून द्यायचं, यालाही या कलमांत जागा नाही. बाजूला करणं वेगळं आणि हद्दीबाहेर फेकणं वेगळं.

आदल्या रात्रीपासून घराबाहेर दोन शिपाई बसवून ‘साहेब, आज बाहेर पडू नका’ म्हणण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. लेखी आदेशाशिवाय घरात अडवून ठेवणं म्हणजे बंदिवासच.

कोणता कागद दाखवतात, आणि तो कितपत पुरतो

आंदोलनाच्या दोन दिवस आधी हातात येते ती नोटीस. कार्यकर्ते तिला अजून ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात. नव्या संहितेत ते कलम १६८ आहे. दखलपात्र (म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येते असा) गुन्हा होऊ नये म्हणून हस्तक्षेप करण्याचं पोलिसांचं ते कर्तव्य आहे. नोटीस म्हणजे बंदी नव्हे. ती मिळाल्यावरही शांत धरणं धरलं तर तेवढ्यानं गुन्हा होत नाही. मात्र पुढे वाद झाला तर ‘पूर्वसूचना दिली होती’ म्हणून पोलीस तीच पुढे करतात. तेव्हा सही करताना खाली स्वतःच्या अक्षरात ‘आंदोलन शांततेत होईल, अमुक ठिकाणी, अमुक वेळेत’ असं लिहावं, तारीख आणि वेळ टाकावी आणि प्रत मागावी.

दुसरा कागद जमावबंदीचा. तो दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींत गल्लत होते. संहितेच्या कलम १६३ चा आदेश (जुनं १४४) दंडाधिकारी काढतात. त्यात परिस्थितीची तथ्यं लिहावी लागतात आणि तो दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही, राज्य शासनानं वाढवला तर आणखी सहा महिने. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) चा आदेश पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी काढतात आणि शासनाच्या मंजुरीशिवाय तो पंधरा दिवसांवर जात नाही. काही शहरांत एक पंधरवडा संपला की दुसरा आदेश तयारच असतो. १६३ च्या बाबतीत अशा साखळीवर सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात बोट ठेवलं आहे: कायदेशीर मतप्रदर्शन दाबायला हे कलम वापरता येत नाही, एकामागून एक आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि आदेश प्रसिद्ध झालेला हवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं माजलगावच्या धरणे आंदोलनाला आड आलेला कलम ३७ चा आदेश रद्द केला. आदेश सर्वांना लागू असल्यासारखा लिहिला असला, तरी प्रत्यक्षात एका कायद्याला विरोध करणाऱ्यांचा आवाज बंद करण्यासाठी तो काढला आहे, असं न्यायालयाला दिसलं.

म्हणून पहिला प्रश्न ‘आदेशाचा क्रमांक आणि तारीख काय?’ हा. आदेशाची प्रत मिळवा आणि मुदत, हद्द, नेमकी मनाई या तीन गोष्टी वाचा. ‘मिरवणूक, घोषणा, ध्वनिक्षेपक’ यांना मनाई असेल तर फूटपाथवर फलक घेऊन उभ्या असलेल्या तिघांना तो लागू होतो का, हे शब्दांवरून ठरतं. मुदत काल रात्री बारा वाजता संपली असेल तर आजच्या अटकेचा पायाच जातो, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

तिसरा आणि सर्वांत जास्त ताणला जाणारा अधिकार म्हणजे कलम १७० (जुनं १५१), गुन्हा होण्याआधीची अटक. त्याला दोन अटी आहेत. माणसाचा दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत असल्याची माहिती अधिकाऱ्याला हवी, आणि अटकेशिवाय तो रोखताच येणार नाही असं दिसायला हवं. २०११ च्या राजेंद्रसिंह पठाणिया निकालात सर्वोच्च न्यायालयानं या अटी नसतील तर अटक घटनेच्या २१ आणि २२ कलमांचा भंग ठरेल असं म्हटलं. आता धरणं हा दखलपात्र गुन्हा नाही. घोषणा हाही नाही. त्यामुळे ठाण्याच्या डायरीत ‘सदर इसम आंदोलन करणार असल्याची गोपनीय माहिती मिळाल्याने’ एवढंच असेल तर पहिली अटच पुरी होत नाही. तिथे गुन्ह्याचं नाव आणि कलम लागतं. अर्थात वैध जमावबंदी असेल तर ती मोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम २२३ खालचा दखलपात्र गुन्हा होतो, आणि पोलीस तोच दाखवतात. म्हणूनच आदेश तपासणं आधी.

चौथा म्हणजे ‘बेकायदेशीर जमाव’. न्याय संहितेच्या कलम १८९ प्रमाणे पाच किंवा जास्त माणसं लागतात आणि त्यांचं समान उद्दिष्ट कायद्यानं मोजून दिलेल्या प्रकारांपैकी हवं: फौजदारी बळानं शासनावर दडपण आणणं, कायद्याच्या अंमलाला प्रतिकार करणं, आगळीक किंवा गुन्हा करणं, वगैरे. माणसं जास्त आहेत म्हणून जमाव बेकायदेशीर होत नाही. मात्र एक पोटप्रकार आंदोलकांना माहीत हवा. शांतता भंग होण्याची शक्यता असलेल्या पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ खाली पांगायचा हुकूम दिला गेला आणि तरीही तिथे थांबलं, तर जमाव मुळात बेकायदेशीर नसला तरी गुन्हा होतो. हा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीच देऊ शकतो. एखाद्या हवालदारानं ‘चला, निघा’ म्हणणं म्हणजे हा हुकूम नव्हे. ध्वनिक्षेपकावर दिला का, कोणी दिला, पांगायला किती वेळ दिला आणि जायला वाट मोकळी होती का? दोन्ही टोकांना बॅरिकेड लावून ‘पांगा’ म्हटलं असेल तर तो हुकूम मोडला असं म्हणणं अवघड जातं. आंदोलनाचं सलग, न कापलेलं चित्रीकरण इथे उपयोगी पडतं. तीस सेकंदांची क्लिप नाही.

अधिकार असला तरी गरज लागते

समजा आदेश वैध होता आणि तो मोडलाही गेला. मग अटक आपोआप कायदेशीर झाली का? १९९४ च्या जोगिंदर कुमार निकालापासून उत्तर ‘नाही’ आहे: अटकेचा अधिकार असणं एक आणि तो वापरायला समर्थन असणं दुसरं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर ठरावीक कारणांपैकी एखादं लागतं. पुढचा गुन्हा रोखणं, योग्य तपास, पुराव्याशी छेडछाड टाळणं, साक्षीदारावरचा दबाव टाळणं, किंवा एरवी न्यायालयात हजेरीची खात्री नसणं, ही ती कारणं. आणि ती लेखी नोंदवावी लागतात. नाहीतर कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं हे सक्तीचं केलं, आणि २०२२ च्या सतेंद्र कुमार अंतिल निकालानं ते न पाळलेली अटक आरोपीला जामीन मिळवून देईल असं बजावलं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं.

आंदोलनांत लागणारी न्याय संहितेची कलमं आता या चाळणीतून काढून बघा. आदेशभंग (२२३) सहा महिने, जिवाला धोका वगैरे असेल तर एक वर्ष. बेकायदेशीर जमाव सहा महिने. सरकारी कामात अडथळा (२२१) तीन महिने. रस्ता अडवणं (२८५) नुसता दंड. हे सगळे जामीनपात्र आहेत, म्हणजे ठाण्यातूनच जातमुचलक्यावर किंवा जामिनावर सुटण्याचा हक्क आहे. ती अधिकाऱ्याची मेहेरबानी नाही. कोठडीपर्यंत न्यायचं असेल तेव्हा जोडलं जातं ते कलम १३२, म्हणजे जुनं ३५३: लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर. ते अजामीनपात्र आहे. पण त्याचीही शिक्षा दोन वर्षांपर्यंतच, त्यामुळे लेखी कारणांचा नियम तिथेही लागू राहतो. शिवाय ते लागायला पोलिसांवर बळ वापरलेलं लागतं. जमिनीवर अंग टाकून देणं, चौघांनी उचलावं लागणं, हात एकमेकांत गुंफून बसणं यात अडथळा असेल, हल्ला नाही. फिर्यादीत ‘झटापट केली’ एवढाच मोघम शब्द असेल, कोणी कोणाला कुठे मारलं हे नसेल आणि जखमी म्हणवणाऱ्या पोलिसाचा वैद्यकीय दाखला नसेल, तर हे कलम कोठडीसाठी चिकटवलं आहे हे दाखवायला भरपूर जागा मिळते.

पोलिसांकडे इथे एक बऱ्यापैकी उत्तर असतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(१)(क) मध्ये पोलिसांच्या समोर दखलपात्र गुन्हा घडला तर लेखी कारणांची ती यादी शब्दशः दिलेली नाही, आणि आंदोलनात सगळं समोरच घडतं. या युक्तिवादाला जोगिंदर कुमारनं उत्तर द्यायचं: समर्थन तरीही लागतंच. नाव, पत्ता, ओळखपत्र देऊन नोटीस घ्यायला तयार असलेल्या माणसाला कोठडीत टाकण्याचं समर्थन काय, असं विचारलं की बाजू बरीच भक्कम होते. म्हणून नाव-पत्ता लपवू नये. अदखलपात्र गुन्ह्यात एरवी वॉरंटशिवाय अटक नाही, पण नाव-पत्ता नाकारला तर कलम ३९ ती वाट उघडून देतं.

कागद जवळून वाचताना

अटकेचा फॉर्म आणि त्यासोबतची कारणं हाच बहुतेक प्रकरणांचा गाभा असतो. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘तपासासाठी आवश्यक’, ‘पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता’ ही कोणालाही लागू होणारी सर्वसाधारण कारणं. आणि या माणसानं, या ठिकाणी, या वेळी काय केलं ते सांगणारा अटकेचा आधार. २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक मांडला. फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालानं आधार न कळवलेली अटक बेकायदा ठरवली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या मिहिर शहा प्रकरणात न्यायालयानं नियम पक्का केला: कोणताही गुन्हा असो, आधार लेखी द्यायचे, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायचे. जागेवर शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायचे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा.

चाळीस जणांच्या प्रकरणात चाळीसही आधारपत्रं शेजारी ठेवावीत. मजकूर तोच, फक्त नाव आणि वय बदललेलं. ‘पुरुष’ खोडून ‘महिला’ केलेलं. एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, एकाच मिनिटाची वेळ. एक अधिकारी चाळीस जणांना एकाच मिनिटाला अटक करून प्रत्येकाला वेगवेगळे आधार समजावू शकत नाही. अशा प्रती एकत्र जोडल्या की वैयक्तिक विचार न करता अटक झाली हे न्यायाधीशांना वेगळं सांगावं लागत नाही. त्यापुढे अटकेची वेळ, ठाण्याच्या डायरीतली नोंद, पोलीस गाडीचं लॉगबुक, वैद्यकीय तपासणीवरची वेळ आणि आंदोलकांच्या फोनमधल्या शेवटच्या चित्रफितीची वेळ असा तक्ता करावा. डॉक्टरांच्या कागदावर सहा वाजताची तपासणी आणि अटक सव्वासातची, असं निघालं तर बाकी वादाची फारशी गरज उरत नाही.

हा मुद्दा नवा नाही. १९६८ साली लखीसराय रेल्वे स्थानकाजवळ मधु लिमये आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जमावबंदी मोडल्यावरून अटक झाली. अटकेची कारणं सांगितली नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये सुटकेचा आदेश दिला, आणि नंतर मिळालेल्या रिमांडनं मूळचा दोष धुतला जात नाही असं म्हटलं. आजचे निकाल त्याच पायावर उभे आहेत.

नागरिक सुरक्षा संहितेतल्या बाकीच्या पद्धतीच्या गोष्टी थोडक्यात. कलम ३६: अधिकाऱ्याच्या अंगावर स्पष्ट नावपट्टी, अटकेचा मेमो, त्यावर नातेवाईक किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही. कलम ४८: नातेवाईक किंवा मित्राला कळवणं. कलम ३८: चौकशीदरम्यान वकिलाची भेट, सबंध वेळ नसली तरी. कलम ५३: वैद्यकीय तपासणी. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक नाही. अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवालासह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यायची. साठ वर्षांवरच्या किंवा आजारी माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही. अठराच्या आतल्यांना कोठडीत ठेवायचंच नाही. बेड्यांसाठी कलम ४३(३) मध्ये गंभीर गुन्ह्यांची यादी आहे. धरणं त्यात नाही.

ठाण्यात असताना

अटक बेकायदा वाटली तरी अंगानं प्रतिकार करू नये. न्याय संहितेचं कलम ३७ म्हणतं की लोकसेवकानं सद्भावनेनं, पदाच्या अधिकारात केलेली कृती काटेकोरपणे कायद्यात बसत नसली तरी, मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल तर, तिच्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क नाही. म्हणजे बेकायदा अटकेला दिलेला एक धक्का पोलिसांना नसलेलं कलम १३२ मिळवून देतो. तोंडानं विचारावं: मला अटक आहे का, कोणत्या कलमाखाली, मी जाऊ शकतो का. उत्तर कॅमेऱ्यासमोर मिळालं तर उत्तमच.

बाहेरच्यांनी लगेच करायच्या दोन गोष्टी आहेत. एक, ठाण्याच्या आणि अधीक्षक अथवा आयुक्तांच्या ईमेलवर चार ओळींचा मजकूर पाठवायचा: कोणाला, कुठून, किती वाजता नेलं. या ईमेलची वेळ कोणाला बदलता येत नाही. दोन, ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करण्याचा अर्ज द्यायचा, तारीख आणि तास लिहून. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार चित्रीकरण अठरा महिने, किमान एक वर्ष ठेवायचं आहे. पण ‘यंत्र बंद होतं’ हे उत्तर येण्याआधी अर्जाची पोच हातात असलेली बरी. माणूस कुठे आहे तेच कळत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात अटक झालेल्यांची माहिती लावलेली असायला हवी. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही हेल्पलाइन आहे.

सही करताना कागद वाचावा, वेळ चुकीची असेल तर सहीशेजारी खरी वेळ लिहावी, कोऱ्या कागदावर सही करू नये. फोन घेतला तर जप्ती पंचनामा मागावा. डॉक्टरांना प्रत्येक मुका मार दाखवावा. आणि दंडाधिकाऱ्यासमोर उभं केल्यावर ‘काही तक्रार आहे का?’ या प्रश्नाला संकोचानं ‘नाही’ म्हणू नये. हे एक ‘नाही’ पुढे सगळ्या प्रकरणावर पाणी फिरवतं. किती वाजता उचललं ते तिथेच सांगावं, नोंदवून घ्या म्हणावं.

चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्याच्या कारवाईत, वेगळाच घोळ होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७० खाली उचलून १२६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर, आयुक्तालयात सहायक आयुक्तांसमोर नेतात, आवाक्याबाहेरच्या रकमेचा बंधपत्राचा हुकूम होतो आणि देता आला नाही म्हणून तुरुंग. पण आधी कलम १३० चा लेखी आदेश हवा, त्यात मिळालेल्या माहितीचा सारांश हवा, आणि चौकशी सुरू झाल्याशिवाय अंतरिम बंधपत्र मागता येत नाही. हेही मधु लिमयेंच्याच १९७० च्या दुसऱ्या प्रकरणात ठरलेलं आहे. बंधपत्राच्या छापील कागदावर सही करून घरी जाण्याचा मोह होतो. ती सही वर्षभर गळ्यात राहते, हे माहीत असून केली तर हरकत नाही.

काय बेकायदा ठरत नाही

नंतर निर्दोष सुटका झाली म्हणून मूळ अटक बेकायदा होत नाही. अटकेच्या वेळी वाजवी संशय होता का एवढंच बघतात. परवानगी न घेता मुख्य रस्ता दिवसचे दिवस अडवला असेल, तर ऑक्टोबर २०२० च्या अमित साहनी निकालानंतर बाजू कमकुवत आहे: सार्वजनिक रस्ता बेमुदत व्यापता येत नाही. राष्ट्रीय महामार्ग किंवा रेल्वे रोखली तर त्यांचे स्वतंत्र कायदे लागतात, तिथे घोषणा किती शांत होत्या हा मुद्दा दुय्यम. शेजारच्या टोळक्यानं दगडफेक केली आणि तुम्ही बाजूलाच होतात, तर नुसती हजेरी दोषासाठी पुरत नाही, पण त्या गोंधळात झालेल्या अटकेला वाजवी संशय पुरू शकतो. आणि अटक बेकायदा ठरली तरी मूळ खटला संपत नाही. माणूस सुटतो, गुन्हा चालू राहतो.

दाद आणि मुदती

माणूस आत असेल तर जामीन अर्जातच अटकेचा बेकायदेशीरपणा मांडायचा, किंवा उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस) याचिका. सुटल्यानंतर भरपाईसाठी उच्च न्यायालयात घटनेच्या कलम २२६ ची रिट हा जवळचा रस्ता आहे. १९८५ च्या भीमसिंह प्रकरणात, विधानसभेला जाऊ नये म्हणून अडकवलेल्या आमदाराला सर्वोच्च न्यायालयानं पन्नास हजार रुपये देववले होते. नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९९ ची भरपाईही आहे, पण ती विनाकारण अटक घडवून आणणाऱ्या तक्रारदाराकडून मिळते, आणि तिची कमाल रक्कम एक हजार रुपये आहे. तिच्यासाठी वकिलाचा दिवस घालवू नये.

अधिकाऱ्यावर फौजदारी कारवाई करायची तर न्याय संहितेचं कलम १२७ (अन्यायकारक बंदिवास, एक वर्षापर्यंत) आणि कलम २५८ (कायद्याविरुद्ध आहे हे माहीत असून अधिकारानं बंदिस्त करणं, सात वर्षांपर्यंत) ही दोन मुख्य. दुसऱ्यात जाणूनबुजून केल्याचं सिद्ध करावं लागतं, ते जड जातं. मध्ये नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खाली लागणाऱ्या शासनाच्या पूर्वमंजुरीचा अडसर आहे. मात्र शासनानं एकशेवीस दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी दिली असं मानलं जातं, ही नव्या संहितेतली सोय वापरण्यासारखी आहे.

मुदती मात्र निष्ठुर आहेत. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्ष. खोट्या बंदिवासाच्या नुकसानभरपाईच्या दाव्याला परिसीमा कायद्यात बंदिवास संपल्यापासून एक वर्ष. पण महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाचं कलम १६१ आडवं येतं: कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल दावा किंवा खटला सहा महिन्यांत, फौजदारी खटल्याला शासनाच्या पूर्वमंजुरीनं दोन वर्षांपर्यंत. दाव्याआधी संबंधित अधिकाऱ्याला एक महिन्याची नोटीस, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची. म्हणजे सहापैकी दोन महिने नोटिशीतच जातात, आणि माहिती अधिकारात डायरीची प्रत मागितली तर तिच्या उत्तराला आणखी एक. नोटीस पहिल्या दोन महिन्यांत निघाली पाहिजे. डायरी हातात आली नाही म्हणून ती थांबवू नये.